आज अर्धं बोट

१९ फेब्रुवारी

शेवटचा नारूचा रुग्ण या केंद्रातून चालत बाहेर गेला, त्याला आज सव्वीस महिने झाले. छत्तीस पुरे झाले की हा भाग नारूमुक्त जाहीर होणार, बाहेर फलक लागणार आणि मुख्यालयातल्या डॉक्टरीणबाई येऊन माझा सत्कार करणार. त्यानंतर माझं काय करणार, हे त्यांनी सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही.

केंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत रुग्णाची खाट, ड्रेसिंगचं टेबल, दोन बादल्या. मागच्या खोलीत मी. सकाळी तळ्यावर जाऊन बसतो. पाणी भरायला येणारा प्रत्येक जण फडक्यातून गाळून भरतो की नाही ते बघतो आणि त्यांचे पाय बघतो. फोड आहे का, सूज आहे का, कुणी लंगडतंय का. इतकी वर्षं हेच केल्यामुळे मला माणसं चपलांवरून ओळखू येतात, चेहऱ्यावरून घोटाळा होतो. मला सगळे 'पट्टीवाले' म्हणतात. सव्वीस महिन्यांत एकही पट्टी बांधलेली नाही, पण नाव पडलं ते पडलं.

दुपारी काही काम नसतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं मी गॉजच्या सुरळ्या करून ठेवतो. डबा भरला की उलगडतो आणि परत करतो.

२३ फेब्रुवारी

रविवार. मुलाचा फोन. सगळं ठीक. माझंही सगळं ठीक.

२६ फेब्रुवारी

दहाच्या सुमाराला तळ्यापलीकडची धोबीण आली. ती पाण्याच्या कडेनं येताना दिसली तेव्हाच मी उठलो, कारण ती डावा पाय टाचेवर टाकत नव्हती. घोट्याच्या वर फोड, रुपयाएवढा, भोवती लाल. "तीन दिवस आग होतेय," म्हणाली. "वाटलं सोड्याने भाजलं."

मी विचारलं, या तीन दिवसांत पाण्यात उतरलात का? ती म्हणाली, "नाही. फोड दिसल्याबरोबर घरातच भिजवते, घरातच धुते. तुम्ही इतकी वर्षं कानीकपाळी ओरडताय, ते काय फुकट?" मला बरं वाटलं. आपलं कुणी ऐकत असेल असं तळ्यावर बसून कधी वाटत नाही.

मग कुठून आला, तर गेल्या उन्हाळ्यात ती एका लांबच्या कामावर गेली होती, तिथे डबक्याचं पाणी न गाळता प्याली. नारू पोटात गेला की वर्षभर पत्ता लागू देत नाही. वर्षाने पायातून बाहेर डोकं काढतो आणि त्या पायाला पाणी लागलं की हजारो अळ्या सोडतो. म्हणून पेशंटने पाण्याजवळ जायचंच नाही. पुरा नारू बाहेर पडेपर्यंत केंद्रातच राहायचं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. सव्वीस महिन्यांचे शून्य महिने झाले. त्या म्हणाल्या, "आता निदान हा एक तरी नीट अडवू या." मी 'हो' म्हणालो आणि फोन ठेवून गॉजचा डबा काढला. वाईट वाटायला हवं होतं. तसं फारसं वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहिणार.

२७ फेब्रुवारी

बादलीत पाय बुडवून बसवलं. अर्ध्या तासात फोड फुटला, पाणी दुधाळ झालं. ते पाणी लांब खड्ड्यात ओतून वर औषध टाकलं. मग चिमट्याने डोकं धरलं. शेवईच्या काडीएवढं पांढरं, जेमतेम दिसेल न दिसेल असं. गॉजच्या सुरळीला गुंडाळलं आणि पट्टी बांधली.

तिला सगळं समजावलं. नारू साधारण दोन हात लांब असतो. रोज थोडा थोडा ओढायचा. ताण लागला की थांबायचं. त्यापुढे अर्धा इंचही ओढायचा नाही, नाहीतर तुटतो आणि आत राहिलेला भाग सडतो. हा ताण कुठल्या यंत्रात दिसत नाही, ओढणाऱ्याच्या दोन बोटांना कळतो. एकवीस वर्षांत माझ्या हातून एकही नारू तुटलेला नाही. हे सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं.

तिने एकच विचारलं, "किती दिवस?"

"तीन आठवडे धरा. लवकर सैल पडला तर आधीही."

तिने बोटांवर मोजलं. तिच्या लेकीला नववा लागलाय, मार्च संपता संपता दिवस भरतील. लेक अर्ध्या दिवसाच्या बसवर राहते. जावई मालट्रकवर, महिना महिना घरी नाही. सासू नाही. पहिलं बाळंतपण. धोबीण म्हणाली, "वीस तारखेच्या आत मला तिकडे पोचायचंय. तेवढं बघा."

मी म्हणालो, बघतो.

१ मार्च

केंद्राच्या वहीत सेंटीमीटर लिहितो, इथे आडव्या बोटांचं माप. काल एक बोट, आज दोन. ताण व्यवस्थित लागतोय. नारू जिवंत आहे.

जेवण मीच करतो, पेशंटच्या जेवणाची जबाबदारी केंद्राची. तिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "भात आहे की खळ?" मी म्हणालो, कपड्यांना लावा. ती हसली. या खोलीत कुणी हसल्याचा आवाज भिंतींना ओळखीचा राहिलेला नसावा, जरा मोठाच वाटला.

५ मार्च

तीन बोटं. कालही तीन.

सकाळी तळ्यावर जातो पण अकराला परततो. ती खाटेवर बसून दारातून हुकूम सोडते. भाताला पाणी कमी. पडदा धुवायला झाला. बादली दारात नको, कुणी अडखळेल. दुपारी पत्ते. तिला एकच डाव येतो, भिकार-सावकार. तो कधी संपत नाही. मी तीनदा भिकार झालो, तीनदा एका एक्क्यावर परत सावकार झालो. ती म्हणाली, "भाऊ, तुमचं नशीब चिवट आहे." भाऊ म्हणाली. आधी पट्टीवाले म्हणायची. मीही मग बाई सोडून ताई म्हणायला लागलो.

हिच्याबद्दल, म्हणजे माझ्या बायकोबद्दल, विचारलं तिने. ही गेली त्याला पाच वर्षं झाली. काय झालं, कसं झालं, मी सगळं सांगितलं. तिच्या हातात पत्ते तसेच होते, तिने मध्ये एकदाही पान टाकलं नाही. मला वाटलं होतं त्यातलं बरंचसं मी विसरलोय. काहीच विसरलो नव्हतो.

८ मार्च

चार बोटं. हात लावल्याबरोबर सरकत आला. आतला भार रिकामा झाला की नारू असा सैल पडतो. एकूण तेवीस बोटं, म्हणजे निम्मा झाला.

ती हिशेबाला पक्की. "रोज चार म्हणजे पुढच्या शुक्रवारी मी मोकळी. शनिवारच्या बसने लेकीकडे." लगेच लेकीला फोन. लेकीचा आवाज इथपर्यंत ऐकू येत होता. ती म्हणत होती, आई, तू आलीस की मी दोन दिवस नुसती झोपणार आहे. धोबीण हसून हसून लाल झाली.

शनिवारी बस साडेसातला असते. मी विचारून ठेवलं.

९ मार्च

रविवार. मुलाचा फोन. सुट्टीत येणार होते, ते रद्द. सुनेच्या माहेरी काहीतरी कार्य आहे. मी म्हणालो, हरकत नाही, इथे मलाही काम आहे, पेशंट आहे. तो म्हणाला, "अरे वा." चार मिनिटं बोललो, त्यातलं एक 'आवाज येतोय का' यात गेलं. नातू शेजारी होता वाटतं, पण खेळत होता.

ड्रेसिंग त्यामुळे उशिरा केलं. एक बोट. ताण लवकर लागला. कालच्या चारवरून एक म्हणजे जरा आश्चर्य, पण नारूचं असंच असतं. आज सैल, उद्या घट्ट. ती माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं, ताण लागला. ती 'बरं' म्हणाली.

संध्याकाळी भात तिने स्वतः केला, खुर्चीवर बसून, पाय स्टुलावर. मोकळा झाला होता.

१० मार्च

एक बोट.

११ मार्च

एक बोट. ती म्हणाली, "भाऊ, मघाशी सरकत होता की." मी समजावलं की वरून सरकतो असं वाटतं, आत कुठे अडकलाय ते आपल्याला दिसत नाही. तरी तिचा चेहरा काही मोकळा होईना. म्हणून तिला त्या पाथरवटाची गोष्ट सांगितली.

वीस वर्षांपूर्वीची. माझ्याबरोबर एक ड्रेसर होता, हुशार पण उतावळा. पाथरवटाला कामावर जायची घाई, याला सुट्टीवर जायची घाई. दोघांनी मिळून एका दिवसात वीतभर ओढला आणि तो तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला, पू झाला, चार महिने खाटेवर. पुढे गुडघा सरळ झाला नाही तो नाहीच. मी त्याला शेवटचा बघितला तेव्हा तो घराच्या दारात बसून दुसऱ्यांच्या छिन्न्यांना धार लावून देत होता. अति घाई संकटात नेई, ते उगीच नाही रस्त्यावर लिहून ठेवत.

गोष्ट खरी आहे, एक अक्षर जास्तीचं नाही. ती बराच वेळ स्वतःच्या पायाकडे बघत बसली. मग म्हणाली, "तुम्हाला कळतं ते बरोबर. मला काय कळणार."

१३ मार्च

एक बोट. काल अर्धं होतं, म्हणजे आज प्रगतीच.

उद्या तिचा तो शुक्रवार. दुपारी म्हणाली, "घट्ट पट्टी बांधून गेले तर? पाण्याला शिवणार नाही. लेकीच्या गळ्याची शपथ." मी नियम सांगितला. बाळंतिणीच्या घरात पाणी चुकत नाही. एकदा पाय ओला झाला की त्या गावचं पाणी बिघडलं, तिच्याच नातवंडाच्या पोटात वर्षभराने नारू. हेही खरंच आहे. मी तिला एकदाही खोटं सांगितलेलं नाही.

खाट खिडकीजवळ सरकवून दिली. तिथून तळं दिसतं. दुकानातून एक नवा कप आणला, तिच्या कपाचा कान तुटका होता. मागच्या खोलीतली आरामखुर्चीही पुढे आणली. मला तिथे ती लागतच नाही.

१६ मार्च

एक बोट.

रविवार. मुलाचा फोन आला नाही. दुपार टळून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. एरवी मी अकरापासून फोन समोर घेऊन बसतो.

डॉक्टरीणबाईंचा मात्र आला. आकडे विचारले. मी सांगितले. त्या म्हणाल्या, "मध्येच इतका मंद कसा झाला?" त्यांनी साधंच विचारलं असणार, पण मी बरंच बोललो. सूज, बाईंचं वय, कातडीचा कडकपणा, पाथरवट. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिच्या लेकीचं बाळंतपण आहे ना? लेकीच्या गावाजवळ आपलं केंद्र आहे. हवं तर गाडी पाठवते, तिकडे हलवू. तिथून लेक दहा मिनिटांवर. लेकीकडचं कुणीतरी एकदोनदा येऊन जाईल."

मी म्हणालो, नको. गाडीत धक्के बसतात, नारू तुटायचा. आणि नवा हात. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. ताण ओळखायला चार दिवस जातात, त्यात आणखी उशीर. दुधाने तोंड पोळलंय आपलं, ताक फुंकून पिऊ. त्या म्हणाल्या, "तुमचा अनुभव मोठा, तुम्ही म्हणाल तसं."

हे धोबीणताईंना सांगितलं नाही. नाही म्हणून ठरलेली गोष्ट सांगून माणसाला हळहळायला लावण्यात काय अर्थ.

आज मी दोनदा सावकार झालो.

१८ मार्च

अर्धं बोट.

ती म्हणाली, "आज जरा जास्त ओढून बघा ना." मी म्हणालो, ताई, वैद्य तुम्ही की मी? आवाज चढला माझा. नंतर वाईट वाटलं. चहा करून दिला, तिच्या आवडीचा, कमी साखरेचा. ती खिडकीबाहेर बघत होती. तळ्यावर कोण कोण पाणी भरतंय, गाळतायत की नाही, हे आता मी न जाताही ती मला सांगते. आम्ही दोघांनी मिळून नोकरी वाटून घेतल्यासारखं झालं आहे.

मी म्हणालो, ताई, इथे तुम्हाला काय कमी आहे सांगा, मी आणून देतो.

ती म्हणाली, "भाऊ, इथे मला काही कमी नाही. तिथे मी कमी आहे."

मी कप धुवायला आत गेलो.

१९ मार्च

अर्धं बोट. एकूण एकतीस. लेकीचा फोन आला होता, कंबर दुखतेय म्हणाली. धोबीणताईंनी तिला उजव्या कुशीवर झोपू नको वगैरे पंधरा गोष्टी सांगितल्या. फोन ठेवल्यावर त्याच पंधरा गोष्टी पुन्हा मला सांगितल्या.

२० मार्च

बाळ झालं. मुलगी. पहाटे, दिवस भरायच्या आधीच.

साडेनवाला शेजारणीचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होतो. लेकीला काल रात्रीपासून कळा होत्या. शेजारीण तिला दवाखान्यात घेऊन गेली, पण तिचीच मुलं लहान, ती परत आली. लेक एकटी होती. फार वेळ लागला. नर्स सांगत होती की ती सारखी आईला हाक मारत होती, इतकी की शेवटी दुसऱ्या खाटेवरच्या बाईने येऊन तिचा हात धरला. आता दोघी बऱ्या आहेत.

मी म्हणालो, ताई, अभिनंदन, आजी झालात. ती माझ्याकडे वळली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली. ड्रेसिंगला पाय पुढे केला नाही. मी आग्रह केला नाही, एक दिवस चालतो. जेवणाचं ताट दोन वेळा नेलं, दोन वेळा तसंच परत आणलं.

पत्ते टेबलावर मांडून ठेवले होते. संध्याकाळी उचलून ठेवले.

२१ मार्च

सकाळी पाणी आणायला गेलो होतो. जाऊन येऊन पाऊण तास. परत आलो तर ती खाटेवर बसलेली, पट्टी सोडलेली, पाय बादलीत. हातात गॉजची सुरळी. तिने नारू स्वतः ओढला होता.

सगळा. माझ्या हातातली घागर कशी खाली ठेवली आठवत नाही. मी आधी शेपूट बघितलं. तुटलं की टोक फाटकं असतं. हे अखंड होतं, निमुळतं, बारीक आकड्यासारखं. ती म्हणाली, "धरलं आणि ओढलं. थांबला नाही कुठे."

मी मोजलं. चौदा बोटं. एका दमात चौदा बोटं, आणि जखमेवर रक्ताचा थेंब नाही.

मी काहीतरी बोलत होतो. पाण्यात ठेवल्याने एकदम सैल पडतो कधी कधी, नशीब थोर, तुटला असता तर, वगैरे. ती ऐकत नव्हती. जखम मी साफ केली, मलम लावलं, पट्टी बांधली. तिने पाय माझ्या हातात दिला होता, पण एखादी वस्तू दुरुस्तीला द्यावी तसा. मग तिने गाठोडं बांधलं. पाच मिनिटांत झालं. तीन आठवड्यांत माणसाचं इतकंच सामान साठतं.

दारात मी विचारलं, बस साडेसातची गेली, आता दुपारची मिळेल, जेवून जाता का? ती म्हणाली, "नको." नव्या कपात चहा होता, तो तसाच राहिला.

२२ मार्च

खाट परत भिंतीला लावली. आरामखुर्ची मागे नेली. भात केला, तो जास्त झाला.

मी सकाळपासून विचार करतोय. अठरा तारखेला ताण लागला होता का? लागला होता. मला जाणवला होता. सोळा तारखेलाही. नऊ तारखेला मात्र नीट आठवत नाही. फोनमुळे लक्ष नव्हतं माझं. बोटं सुन्न पडतात का या वयात? डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं.

२३ मार्च

रविवार. मुलाचा फोन. पेशंट कशी आहे, विचारलं त्याने. त्याच्या लक्षात होतं. बरी होऊन गेली म्हणालो. तो म्हणाला, "मग आता निवांत."

नऊ तारखेला ताण लागला नव्हता.

२४ मार्च

काही नाही.

३० मार्च

डॉक्टरीणबाई आल्या. वही घेऊन बसल्या. मी समोर उभा. त्या एकेक आकडा बोटाने खाली सरकवत वाचत होत्या आणि नऊ तारखेपासूनच्या ओळींवर आल्या. मला वाटलं, आता विचारतील, आणि विचारलं तर मी सांगून टाकणार होतो. खरंच सांगणार होतो.

त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, "इतका संयम हल्ली कुणाकडे नाही. अर्धं अर्धं बोट, रोज, न कंटाळता. नवे लोक बघा, तीन दिवसांत तोडून ठेवतात." पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी, म्हणजे सात तारखेला, दहा शिकाऊ ड्रेसर पाठवणार आहेत, माझ्या हाताखाली शिकायला. ही वही त्यांना नमुना म्हणून दाखवायची.

मी 'हो' म्हणालो. तेवढंच म्हणालो, तो त्यांना विनय वाटला असावा.

६ एप्रिल

जखम भरली का, ते दोन आठवड्यांनी घरी जाऊन बघायचा नियम आहे. धोबीणताई लेकीला आणि बाळाला घेऊन आपल्या घरी परतली आहे असं कळलं होतं. दोनदा निघालो आणि दोनदा तळ्यावरूनच परत आलो. आज गेलो.

ती अंगणात हौदाशेजारी चादरी धूत होती. लेक ओसरीवर बाळाला घेऊन बसली होती. धोबीण हात न थांबवता लेकीला म्हणाली, "हे दवाखान्यातले साहेब." साहेब म्हणाली.

लेक उठून उभी राहायला लागली, मी नको नको म्हणालो. डोळ्यांखाली काळं, पण चेहरा आईचाच. म्हणाली, "आईचा पाय तुम्ही फार जपलात. आई म्हणते, तिथे काही कमी पडू दिलं नाही." मी बाळाकडे बघितलं. मूठ तोंडात घालून झोपलं होतं.

जखम बघितली. भरली आहे. खपली पडून गुलाबी कातडी आली आहे, सूज नाही. वहीत लिहिलं. लेक बाळाला घेऊन आत गेली. मग मी उठायचं, तर उठलो नाही. मी म्हणालो, ताई, नऊ तारखेला ताण लागला नव्हता.

ती चादर पिळत होती. "माहीत आहे मला."

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी. पाय माझा आहे. ताण लागला की घोट्याच्या आत चिमटा बसायचा, रोज बसायचा. त्या दिवशी बसलाच नाही आणि तुम्ही म्हणालात, लागला."

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात?

"तुमच्या मुलाचा फोन ऐकला होता मी. नंतर तुम्ही कितीतरी वेळ तो फोन हातात धरून बसला होता. म्हटलं, माणसाला बोलायला कुणी नाही. राहू दोन दिवस. दोन दिवसांनी काय बिघडतंय." तिने चादर झटकली, दोरीवर टाकली, कडा सरळ केल्या. "तिसऱ्या दिवशी म्हटलं तुम्हाला, सरकतोय की. तर तुम्ही त्या पाथरवटाचं सांगितलंत. मग मला माझाच पाय कळेनासा झाला. रोज वाटायचं, आपलंच चुकत असेल, यांना एकवीस वर्षांचा अनुभव."

मी वहीचं पान उलटलं, परत सरळ केलं.

"दोन दिवस मी दिले होते तुम्हाला," ती म्हणाली. "बाकीचे तुम्ही घेतलेत."

आतून बाळ रडलं. ती ओले हात पदराला पुसत आत गेली. जाताना वहीवर सही करून गेली, कारण मी ती पुढे धरली होती. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि निघालो.

शिकाऊंना दाखवून झाली की केंद्राची वही गाडीने मुख्यालयात जाणार आहे, तिच्यासोबत डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी पाठवायची आहे. चिठ्ठी तीनदा लिहिली. सोळा तारखेला तुम्ही गाडी देऊ केली होती, इथपर्यंत येतो आणि थांबतो. उद्या दहा शिकाऊ येणार. त्यांना पहिलं काय सांगायचं ते ठरलं आहे: ताण लागला का, हे आधी पेशंटला विचारायचं. दुसरं, नऊ तारखेपासूनच्या आकड्यांबद्दल, काय सांगायचं तेही मला माहीत आहे, फक्त दहा जणांच्या तोंडाकडे बघून ते सांगता येईल का, हे माहीत नाही.